भट्टीचं दार

सिनेमाची बॅनरं रंगवण्यात जिनपालची वीस वर्षं गेली. दोन हजार तीनच्या सुमारास गल्लोगल्ली फ्लेक्स लागले आणि त्याचे ब्रश वाळायला लागले. सत्तेचाळिसाव्या वर्षी तो फिरोजाबादला जाऊन आठ महिने काच फुंकायला शिकला आणि कळंब्याला पत्र्याच्या शेडमध्ये स्टुडिओ काढला. जोडीला बॅनरच्या दिवसांपासूनचा सोबती भरमाप्पा होताच.

दोन महिने झकास गेले. मग फुलदाण्या तडकायला लागल्या. फुंकलेली काच सावकाश निवावी म्हणून ती संध्याकाळी दुसऱ्या, मंद भट्टीत ठेवत. सकाळी बघावं तर चारातल्या दोन गेलेल्या.

जिनपालच्या मनात पाल चुकचुकली. भट्टीत माल ठेवायचा भरमाप्पा, काढायचाही तोच. त्यात एकदा तो फ्लेक्सवाल्याच्या दुकानात चहा पिताना दिसला. तेव्हापासून जिनपालची नजर त्याच्या हातांवरनं हटेना. भरमाप्पाची पाठ वळली की तो भट्टीचं दार उघडून फुलदाण्या तपासून घेई.

एका सकाळी पाच फुटल्या आणि त्याचा तोल सुटला.

“फ्लेक्सवाल्याकडं चिकटायचंय नव्हं तुला? म्हणून माझं बुडवतोयस?”

भरमाप्पा काचा गोळा करायचा थांबला. “वीस वर्सं एका डब्यात जेवलोय, आन् हे बोलतोयस व्हय?” हातमोजे काढून तो गडहिंग्लजला, आपल्या घरी निघून गेला.

दुसऱ्या दिवशी जिनपालनं सगळं एकट्यानं केलं. तरी पुढच्या सकाळी तीन तडकलेल्या.

“आता कुणावर संशय घेताय?” त्याची बायको त्रिशला म्हणाली. “काल मी हितंच बसले होते. तीनदा दार उघडलंसा. गार वारं शिरतंय की आत. फुटंल न्हाय तर काय?”

जिनपालनं एकेक संध्याकाळ आठवून पाहिली. सुरुवातीच्या कशानं गेल्या कोण जाणे. बाकीच्या त्यानंच फोडल्या होत्या.

त्यानं गडहिंग्लजची एसटी धरली. भरमाप्पा शिडीवर चढून एका दुकानाची पाटी रंगवत होता.

“चूक माझी हाय. चल माघारी.”

भरमाप्पा खाली उतरला नाही. “दुसरं कुणी बोललं असतं तर हसलो असतो,” तो म्हणाला. मग ब्रश रंगात बुडवत पुटपुटला, “पाटी पुरी करून येतो.”

चौथ्या दिवशी तो आला. काम पहिल्यासारखंच चोख. फक्त भट्टीत काही ठेवायच्या आधी हाक मारायला लागला, “ये, बघून घे.”

जिनपाल “राहू दे” म्हणायचा. भरमाप्पा मात्र तो येईपर्यंत तसाच उभा राहायचा.