ब्लागोयेच्या नावानं चमचाभर गहू

आपले वडील विनोदी होते, हे बिसेर्काला त्यांना पुरून आल्यानंतरच्या जेवणात कळलं.

तोवर तिला ठाऊक असलेले ब्लागोये म्हणजे सर्बियातल्या निश शहरात रेल्वेच्या कारखान्यात लेथवर उभं राहून जन्म काढलेले, घरी आले की बूट दाराशी सरळ लावणारे, रेडिओवर बातम्या ऐकणारे आणि 'मीठ दे' यापलीकडे फारसं न बोलणारे गृहस्थ. जेवण रीतीप्रमाणे चाललं होतं. पेल्याला पेला न लावता माणसं राकिया, म्हणजे फळांची कडक दारू, पीत होती, पहिला घोट जमिनीवर सांडत होती, ताटात मान घालून कोबीच्या पानातलं मांस खात होती. ताटं उचलली गेली आणि टेबलाच्या पलीकडच्या टोकाला एकदम हशा पिकला. कारखान्यातले जुने सोबती चेडाकाका डोळे पुसत होते. आधी रडून पुसले होते तसेच.

"काय झालं काका?"

"अगं, तो थडग्याचा किस्सा. तुला सांगितलाच असेल त्यानं."

"नाही."

"बरं, पलटणीतल्या खेचराचा?"

"नाही."

"साहेबाच्या टोपीचा तरी?"

"नाही हो."

चेडाकाकांनी पेला खाली ठेवला. "मग घरी तो करायचा काय?"

"बातम्या ऐकायचे."

यावर टेबल पुन्हा हसलं. बिसेर्काला मात्र कळेना, की आपण काय गमतीचं बोललो.

थडग्याचा किस्सा असा. सगळे करतात तसा ब्लागोयेंनीही आपला आणि बायकोचा दगड जिवंतपणीच करून घेतला होता. दोघांचे चेहरे कोरलेले, जन्माची सालं घातलेली, पुढची जागा कोरी. दगड उभा राहिला त्या दिवशी ते चेडाकाकांना घेऊन गेले, स्वतःच्या नावानं मेणबत्ती लावली, राकियाचा घोट सांडला आणि म्हणाले, "माणूस चांगला होता. बायकोचं ऐकायचा तेवढंच." शेजारच्या कबरीवर फुलं ठेवणाऱ्या बाईनं कळवळून विचारलं, कोण गेलं हो? "मी," ब्लागोये म्हणाले. कधी? "ते अजून ठरलं नाही. बायको म्हणते, आधी मिरच्या भाजून बरण्या भरून होऊ देत."

पुढच्या आठवड्यात बिसेर्कानं हा किस्सा ऑफिसात सांगितला. एका विमा कंपनीत अपघातांच्या दाव्यांचे फोन घेण्याचं तिचं काम. तिथंच तिची पन्नाशी आली होती. शब्द तेच होते, क्रमही तोच. शेजारच्या टेबलावरच्या मिलोइकानं ऐकून घेतलं, उठून तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, "रड बाई, मोकळी हो."

बिसेर्काला रडू येत नव्हतं. तिला कोडं पडलं होतं. तेच शब्द त्यांच्या तोंडून निघाले की कारखाना हसायचा आणि माझ्या तोंडून निघाले की मिलोइकाचे डोळे भरतात, हे कसं? ती चेडाकाकांकडे गेली आणि विचारत बसली. बोलताना ते हात कुठं ठेवायचे? कुणाकडं बघायचे? 'मी' म्हटल्यावर किती वेळ थांबायचे? काका वैतागले. "मी काय घड्याळ लावून बसत होतो? पेला उचलायचा, प्यायचा नाही, परत ठेवायचा. मग बोलायचा. आणि तू हे कशाला विचारतेस?"

"करून बघायचंय."

"कुठं?"

जागा तिनं हेरून ठेवली होती. किल्ल्याजवळ रातकोचा बार होता. रातको सकाळी शाळेत भूगोल शिकवायचा आणि मंगळवारी संध्याकाळी आपल्या बारमध्ये कुणालाही माइकपुढे उभं राहू द्यायचा. स्टँडअप करणारे सगळे तिच्या निम्म्या वयाचे. नाव नोंदवताना रातकोनं तिच्या काळ्या ब्लाउजकडे, काळ्या स्कर्टकडे बघितलं. "कपडे झकास आहेत हां बाई. एकदम स्टेजचे."

"सुतकातले आहेत."

"ओ," तो म्हणाला.

ती उभी राहिली आणि सुरुवातीलाच चूक करून बसली. चूक म्हणजे सवय. "माझे वडील, देव त्यांना क्षमा करो," ती म्हणाली. गेलेल्याचं नाव घेतलं की हे म्हणायचं असतं. आणि ते कानावर पडलं की काय करायचं असतं हे समोरच्यांनाही ठाऊक होतं. बार एका सुरात म्हणाला, "क्षमा करो." कानात डूल घातलेल्या, दंडावर साप गोंदवलेल्या पोरांनी पेले तिरके करून जमिनीवर थेंब सांडले. मग सगळे गंभीर होऊन ऐकू लागले. तिनं थडगं सांगितलं, बाई सांगितली, पेला उचलून ठेवला, मिरच्या सांगितल्या. कुणी हसलं नाही. ती खाली उतरली तेव्हा लोक रांगेनं येऊन तिचा हात हातात घेऊन गेले.

"बाई," रातको टेबल पुसत म्हणाला, "इथं आजवर लोक पडले, पळाले, एकाला तर बाटली फेकून मारली. सांत्वनाची रांग पहिल्यांदाच लागली."

"काय चुकलं?"

"तुम्ही बापाला आधीच मारलंत. मेलेल्याला कोण हसणार? हसू देत लोकांना, मग मारा. नाहीतर मारूच नका."

पुढच्या मंगळवारी तिनं वडिलांना जिवंत ठेवलं. 'माझे वडील म्हणतात', 'माझे वडील परवा गेले होते.' आणि बार हसला. 'अजून ठरलं नाही'ला हसू येईल असं तिला वाटलं होतं. ते आलं त्याच्या आधी, ती पेला ठेवून नुसती उभी होती तेव्हा. म्हणजे हसू शब्दांत नव्हतंच. घरी येईपर्यंत ती त्याचाच विचार करत होती. गणिताची एक पायरी सुटली की पुढची दिसू लागते, तसं तिला झालं होतं. त्यानंतर ती दर मंगळवारी जाऊ लागली. खेचर सांगितलं, टोपी सांगितली. प्रत्येक वेळी वडिलांचं थोडं थोडं काहीतरी हाती लागायचं. इथं ते श्वास घेत असतील. इथं ते मुद्दाम दुसरीकडे बघत असतील.

आणि मग स्तामेन्काला कळलं.

स्तामेन्का म्हणजे बिसेर्काची आई. खालच्या मजल्यावर राहायची, डोक्यापासून पायापर्यंत काळ्यात असायची. शेजारणीच्या नातीनं तिला बारमधला व्हिडिओ फोनवर दाखवला होता. ऑफिसातून येणाऱ्या मुलीला तिनं जिन्यातच अडवलं.

"ब्लागोये परवा कुठं गेला होता म्हणे?"

बिसेर्का पर्समध्ये किल्ल्या शोधू लागली.

"कान आहेत मला. म्हणतात, जातात, येतात! मग मी हे काळं कुणासाठी घालून फिरते? सहा महिन्यांच्या विधीचे गहू या शनिवारी कुणासाठी शिजवायचे?"

"आई, गेले असं सांगितलं की लोक हसत नाहीत."

"मग नको हसू देत. मी तुला हसवू नको म्हणत नाही. तो हसवायचा, तूही हसव. पण माझा नवरा गेलाय. गेला म्हणून सांगायचं जमत असेल तर सांग, नाहीतर त्याचं नाव त्या दारूच्या दुकानात घेऊ नकोस." दोन पायऱ्या उतरून ती पुन्हा वळली. "आणि मंगळवारी मी येणार आहे ऐकायला."

आईचं खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती. वडील गेलेले असले तर बार मुका होतो, जिवंत असले तर आई एकटीच विधवा ठरते. आणि वडिलांना सोडून द्यायचं म्हटलं तर नुकती कुठं त्यांची ओळख होऊ लागली होती.

शनिवारी दफनभूमीत पाद्री आला, गव्हांवर वाइन शिंपडून प्रार्थना करून गेला. सगळ्यांनी छातीवर क्रूस केला, उकडलेल्या गोड गव्हांचा एकेक चमचा खाल्ला, दगडापाशी एक सिगारेट पेटवून खोचली. घरी जेवण झालं. बिसेर्का वाढता वाढता बघत होती. सुपाला कुणी हसलं नाही. भाजलेल्या मिरच्यांनाही नाही. ताटं उचलली गेली, चेडाकाकांनी खुर्ची मागे सरकवली, आणि आलंच ते हसू. गेल्या वेळी आलं होतं त्याच जागी. कुणी ठरवल्यासारखं.

सोमवारी ऑफिसात वरच्या गावचा एक शेतकरी फोनवर होता. त्याचा ट्रॅक्टर नाल्यात गेला होता. नवीन मुलीनं लगेच ट्रॅक्टरचा नंबर विचारला म्हणून तो भडकला होता. बिसेर्कानं फोन घेतला आणि तिला इतक्या वर्षांत अंगवळणी पडलं होतं तसं केलं, म्हणजे काहीच केलं नाही. त्यानं ट्रॅक्टर सांगितला, नाला सांगितला, जावयानं दिलेला चुकीचा सल्ला सांगितला. सगळं सांगून झाल्यावर तोच म्हणाला, "आणि ट्रॅक्टर पडला तो कुठं, तर त्या जावयाच्याच गाडीवर," आणि खो खो हसत सुटला. नंबर त्यानं आपणहून दिला.

बिसेर्कानं फोन ठेवला, पण पुढचा उचलला नाही. मिलोइकानं विचारलं, "काय गं?"

"नंबर आधी मागायचा नसतो," बिसेर्का म्हणाली.

"ते तर तूच आम्हाला शिकवलंस."

त्या संध्याकाळी ती आईच्या स्वयंपाकघरात गेली. "आई, उद्या गहू शिजवशील?"

"कुणासाठी?"

"बारमध्ये येतात त्यांच्यासाठी. मी सांगणार आहे, ते गेले म्हणून. आणि गेले म्हटल्यावर लोकांना रिकाम्या तोंडी कसं बसवायचं? शनिवारचे उरलेत का?"

स्तामेन्कानं तिच्याकडे रोखून बघितलं. मुलीच्या मागणीत खोड काढायला जागा नव्हती. "शनिवारचे आंबले असतील," ती शेवटी म्हणाली. "ब्लागोयेच्या नावानं लोकांची पोटं बिघडवशील. अक्रोड आहेत का तुझ्याकडं?"

मंगळवारी बिसेर्का माइकपुढे उभी राहिली. "माझे वडील मे महिन्यात वारले," ती म्हणाली. "त्यांचं नाव ब्लागोये. देव त्यांना क्षमा करो."

"क्षमा करो," बार म्हणाला. नेहमी येणारे चमकून एकमेकांकडे बघू लागले. परवापर्यंत तर हा माणूस हिंडत होता.

"आज त्यांचं जेवण आहे," बिसेर्का म्हणाली. "आईनं गहू आणलेत. घाई नाही."

आणि ती खरंच थांबली. ताट मात्र परक्या हाती द्यायला स्तामेन्का तयार नव्हती. काळा रुमाल डोक्यावर बांधून ती स्वतःच टेबलाटेबलांतून निघाली.

"घे. आधी क्रूस कर. असा नाही रे, उजव्या हातानं. कुणाचा तू? ... तू दोन चमचे घे, हाडं दिसतायत तुझी. ... वापरलेला चमचा या पेल्यात टाक. अरे, त्यात काय टाकतोस, ती तुझी बिअर आहे!"

मागून कुणीतरी फसकन हसलं. स्तामेन्का गर्रकन वळली. "काय झालं हसायला? माणूस मेलाय इथं!"

आता आणखी दोघं-तिघं हसले. तोंडावर हात ठेवून, पण हसले. बिसेर्काला वाटलं, आता बोलावं. मग वाटलं, नको. तिनं पेला उचलला, प्यायली नाही, परत ठेवला. साप गोंदवलेला पोरगा गंभीर चेहऱ्यानं पेला तिरका करू लागला, तेव्हा ती म्हणाली, "बेतानं सांड बाबा. ते जिवंत असताना त्यांच्यासमोर राकिया सांडली असतीस, तर आज दोघांचं जेवण असतं."

हसू पुढच्या टेबलावरून निघालं आणि मागच्या भिंतीपर्यंत गेलं. गहू सगळ्यांच्या पोटात गेले होते, म्हणायचं ते म्हणून झालं होतं, कुणाचं काही देणं राहिलं नव्हतं. तिनं थडगं सांगितलं. शेजारच्या बाईनं विचारलं, कोण गेलं हो? "मी," असं म्हणून ती थांबली, तेव्हा रातको काउंटरला धरून हसत होता. ब्लागोये गेलेले होते आणि लोक हसत होते. तिनं आईकडे बघितलं. स्तामेन्का रिकामं ताट मांडीवर घेऊन ताठ बसली होती. चेहऱ्यावरची एक रेष हलली नव्हती.

दोघी चालत घरी आल्या. किस्सा कसा वाटला, हे विचारायचा बिसेर्काला धीर झाला नाही. सकाळी ऑफिसला निघताना ती खाली कॉफीला गेली.

"तो थडग्याचा किस्सा तू चुकीचा सांगतेस," स्तामेन्का म्हणाली.

"चेडाकाकांनी असाच सांगितला."

"चेडाला काय कळतं! मिरच्या नव्हत्या. मी त्याला म्हटलं होतं, आधी कोठीचं दार दुरुस्त कर, मग मर."

बिसेर्कानं कप खाली ठेवला. "म्हणजे तुला माहीत होता?"

"सगळे माहीत होते. आधी माझ्यावर करून बघायचा ना. पहाटेच्या पाळीला निघायच्या आधी, इथंच, बूट घालता घालता."

"आणि तू हसायचीस?"

"मी? छे. मला नाही बाई कधी हसू आलं. पण मी हसले नाही की तो खूश व्हायचा. म्हणायचा, झालं, हा कारखान्यात चालणार."

"मला का नाही कधी सांगितले?"

"तुला?" स्तामेन्का कॉफीचं भांडं विसळायला उठली. "लहानपणी सांगायचा की. पण त्यानं काहीही सांगितलं तरी तू हसायचीस. मीठ दे म्हटलं तरी हसायचीस. त्याला काही कळायचंच नाही, चांगला आहे की वाईट ते. मग सोडलं त्यानं."

नळ बराच वेळ चालू राहिला. बसला अजून अवकाश होता. बिसेर्का कोट घालून तशीच उभी राहिली, आणि बटणं लावता लावता तिनं आईला ट्रॅक्टर सांगितला, नाला सांगितला, जावयाचा सल्ला सांगितला. शेवटाआधी ती थांबली. स्तामेन्कानं हात पुसले, फडकं घडी करून ठेवलं.

"मग?"

"मग काही नाही. ट्रॅक्टर जावयाच्याच गाडीवर पडला. संपलं."

"यात हसण्यासारखं काय आहे?" स्तामेन्का म्हणाली. तिचा चेहरा थडग्यावर कोरला होता तसाच होता.

बिसेर्कानं तोच किस्सा पुढच्या मंगळवारी सांगायचं ठरवलं.