इलेक्ट्रिक घुबडांच्या टेपमधली बाई

कोंडाजीची बायको कला गेली त्याला चार महिने झाले होते. तिचा आवाजही गेला हे कळलं, तो मंगळवार होता.

तिचा मोबाइल चार्ज होत नव्हता, म्हणून कोंडाजीनं तो दुकानात दिला होता. दुकानदारानं तो दुरुस्त केला आणि वर आतलं सगळं साफ करून ठेवलं. "काका, एकदम नवा करून दिलाय," तो म्हणाला. त्या फोनमध्ये कला मांडे कसे करायचे ते सांगतानाचं नऊ मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं. फार मोठं म्हणून ते कधी कुणाला पाठवलं गेलं नव्हतं. कोंडाजी रोज सकाळी चहाबरोबर ते ऐकायचा. त्याला मांडे करायचे नव्हते.

त्यानं दुकानदाराचे पैसे दिले. घरी येऊन मुलीला, मनीषाला, फोन केला. "तुझ्याकडं आईचं काही बोललेलं आहे का गं?" मनीषाकडं फोटो होते, शेकड्यांनी. बोललेलं काहीच नव्हतं.

पुढं जे झालं त्याला हे कारण धरावं. एरवी कोंडाजी फसणारा माणूस नव्हता. ओझरच्या विमान कारखान्यात त्यानं पस्तीस वर्षं तपासणी खात्यात काढली होती, आणि स्वतः मापल्याशिवाय एका नटावरही शिक्का मारला नव्हता.

कारखान्याच्या वसाहतीत पन्नास वर्षांपूर्वी चार पोरांनी एक बँड काढला होता. नाव 'द इलेक्ट्रिक घुबड'. कोंडाजी ड्रम वाजवायचा, वाल्मीक गिटार. एकेक गाणं वीस-वीस मिनिटं चालायचं. मागं पांढऱ्या पडद्यावर काचेच्या बशीतलं रंगीत तेल प्रोजेक्टरनं हलत दिसायचं, आणि पुढं गणपतीला आलेल्या बायका कानात बोटं घालून प्रसादाची वाट बघायच्या. एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या त्या कार्यक्रमांची तीन रिळं वाल्मीकच्या ट्रंकेत सापडली. त्यानं ती तृप्ती नावाच्या मुलीला दिली. तिचा गंगापूर रोडला स्टुडिओ होता. तिनं दोन महिने खपून टेपवरची खरखर काढली, फाइली वाल्मीकच्या हातात दिल्या आणि कामासाठी पुण्याला गेली.

एका रविवारी सकाळी वसाहतीच्या हॉलमध्ये जुनी मंडळी जमली. पहिलं गाणं संपलं. टाळ्या विरल्या. दुसरं सुरू व्हायच्या आधी जी शांतता होती, तिच्यात एक बाई बोलली. फार हळू, खोल विहिरीतून आवाज यावा तशी. शब्द कुठल्याच भाषेतले नव्हते.

"आई!" मनीषा वडिलांकडं वळून ओरडली. "दादा, आईचा आवाज आहे हा!"

कोंडाजीनं कप खाली ठेवला. आवाज कलाचाच होता. पन्नास वर्षं ऐकलेला आवाज कुणी विसरत नाही.

वसाहतीत बातमी संध्याकाळपर्यंत फिरली, आणि आठवड्याच्या आत पेठ रोडच्या नादेश्वर महाराजांपर्यंत पोचली. मनीषा त्यांच्याकडं आधीपासून जायची. महाराज येण्याआधी त्यांचा सेवेकरी आला आणि एक फॉर्म भरून घेऊन गेला. दिवंगत व्यक्तीचा स्वभाव, आवडता पदार्थ, शेवटचा आजार, घरात कुणाशी पटत नव्हतं. मनीषानं मागच्या कोऱ्या बाजूलाही लिहिलं. वाल्मीककडची रिळं आणि फाइलींचा पेनड्राइव्हही तिनं आणून सेवेकऱ्याच्या हवाली केला.

महाराजांच्या सभामंडपात मग दर गुरुवारी टेप लागायची. सहाशे माणसं डोळे मिटून बसायची.

"ही आत्म्यांची भाषा," महाराज सांगायचे. "वेदांच्याही आधीची. याची फ्रीक्वेन्सी क्वांटम असते. सामान्य कानाला नुसता नाद, मला अर्थ." मग ते कपाळावर दोन बोटं टेकवून भाषांतर करायचे. "माउली म्हणते, स्वामी, मी या फितीत अडकले. मला गुडघेदुखीतून सुटका मिळाली, पण फितीतून नाही. मला गंगेत सोडा."

गुडघेदुखी ऐकून मंडप हळहळला. ती फॉर्ममध्ये सहाव्या ओळीत होती.

वाल्मीकनं कोंडाजीला बाहेर गाठलं. "कोंड्या, कला तुला स्वामी म्हणायची?"

"नाही."

"मग? ती तर तुला 'ओ इन्स्पेक्शन' म्हणून हाक मारायची. क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीला ऐकू जायची!"

"गेल्यावर माणूस बदलत असेल."

"बदलून कीर्तनकार होत असेल? अरे, तुझं डोकं गहाण पडलंय का?"

कोंडाजी परत मंडपाकडं वळला. त्याला पटलेलं नव्हतं. पण दर गुरुवारी ती अर्धं मिनिट बोलत होती, आणि तेवढ्यासाठी तो महाराजांचा तासभर सहन करत होता. महाराजांशी भांडलं तर गुरुवार बंद. हा हिशेब त्यानं कुणाला सांगितला नाही.

अमावास्येला पहिलं रीळ गंगेवर, म्हणजे गावातल्या नदीच्या घाटावर नेलं. महाराजांनी फीत पाण्यात सोडली. ती तपकिरी रेघ होऊन निर्माल्यातून लांबत गेली. मनीषा रडत होती. उरलेली दोन पुढच्या अमावास्येला सोडायची ठरली. "म्हणजे फाइलीतूनही आवाज आपोआप निघून जाईल," महाराज म्हणाले.

तृप्तीला हे सगळं कळलं ते तिच्या आईनं फॉरवर्ड केलेल्या व्हिडिओतून. खाली लिहिलं होतं, 'दहा जणांना पाठवा.' तिनं कुणालाच पाठवला नाही. ती पुण्याहून निघाली आणि दुसऱ्या अमावास्येच्या सकाळी लॅपटॉप घेऊन थेट मंडपात शिरली. वाल्मीक दारातच उभा होता.

"महाराज, ही टेप मी साफ केली," ती म्हणाली. "दोन मिनिटं द्या."

"कन्ये, यंत्राला आत्मा कळत नाही."

"कळत नसेल तर तुम्हाला भीती कसली?" मागून वाल्मीक म्हणाला. लोक हसले. आता नाही म्हणणं महाराजांना अवघड झालं.

तृप्तीनं लॅपटॉप स्पीकरला जोडला. "महाराजांनी भाषांतर केलेला हाच तुकडा आहे. मी तो फक्त उलटा लावते. शेवटाकडून सुरुवातीकडं."

घुबडांचं संगीत उलटं वाजायला लागलं. खरं सांगायचं तर त्यात फार फरक पडला नाही. मग ते थांबलं, आणि शांततेत कला स्वच्छ मराठीत बोलली.

"नमस्कार. या ना, बसा. चहात साखर किती घालू? आमचे हे कारखान्यात शेत." थोडं थांबून, "शेत नाही. आहेत. आमचे हे कारखान्यात आहेत. आहेत. आहेत."

मंडपात कुणीतरी फिसकन हसलं. मग कुणीच हसलं नाही.

"आज सगळ्या बायका हसल्या," टेपमधली कला म्हणाली. "आणि यांच्या त्या घुबडांनी, मन्हं डोकं दुखी ऱ्हायनं."

कोंडाजी स्पीकरजवळ सरकला. कला सटाण्याकडची. लग्न होऊन वसाहतीत आली तेव्हा अहिराणी बोलायची, 'आहेत'ला 'शेत' म्हणायची. पाहुण्यांसमोर एकदा त्यानंच म्हटलं होतं, इथं नीट बोलत जा. पुढं ती नीट बोलायला लागली. कशी, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"हे टेपवर आलं कसं?" एकानं विचारलं.

"काका, तेव्हा टेप मशीन कुणाकडं असायचं?" तृप्तीनं कोंडाजीला विचारलं.

"माझ्याकडं. वाल्मीकचे वडील फोडतील म्हणून."

"फितीवर आडवे चार पट्टे असतात. दोन जाताना भरतात. मग रीळ उलटून लावलं की उरलेले दोन परतीच्या दिशेनं भरतात. कार्यक्रम एका बाजूला होता. तुम्ही पाळीला गेल्यावर काकूंनी कोऱ्या बाजूला बोलण्याचा सराव केला. माझ्या मशीनचं डोकं, म्हणजे फीत वाचणारं हेड, रुंद आहे, त्यानं शेजारचा पट्टाही थोडा उचलला, अर्थात उलटा. पूर्वी तो खरखरीत बुडालेला असायचा. खरखर मी काढली. हे मी तपासायला हवं होतं, चूक माझी. पण यात भूत नाही."

महाराज उठले. "आत्मा कुठल्याही दिशेनं बोलू शकतो! उलटं ते सुलट, सुलट ते..."

"महाराज, साखर किती ते सांगा आधी!" वाल्मीक ओरडला. "सहाशे जणांना गुडघेदुखी सांगितलीत, ती कुठंय यात? बाई तर तेवीस वर्षांची आहे!"

सेवेकऱ्यानं माइक बंद केला. नदीत सोडायला तबकात ठेवलेली दोन्ही रिळं कोंडाजीनं उचलून काखेत घातली. माइकची त्याला गरज नव्हती, ड्रमवाल्याचा आवाज होता.

"ऐका. आवाज माझ्या बायकोचाच आहे, आणि मला रडू येतंय. पण मला रडू येतं म्हणून हा माणूस खरा ठरत नाही. तो बोलला ते सगळं मुलीनं फॉर्मात लिहून दिलेलं होतं. मी रोज यंत्राचे भाग तपासले, आणि इथं दीड महिना तोंड बंद ठेवून बसलो, कारण मला ती ऐकू येत होती. तुमचंही माणूस गेलेलं असेल. तुमच्याही दारात असा कुणीतरी येईल. त्याला एवढंच विचारा, कशावरून? त्याला राग आला तर समजा, त्याच्याकडं उत्तर नाही."

काही लोक उठले. बरेचसे बसून राहिले. पुढच्या गुरुवारी मंडप अर्धा भरला होता, असं वाल्मीक सांगतो.

दोन रिळांची दुसरी बाजू तृप्तीनं योग्य मशीनवर उतरवून दिली. कला त्यात एकोणपन्नास मिनिटं बोलते. पहिल्या रिळाचे फाइलीत आलेले पुसट तुकडे तेवढे उरले, बाकीचं नदीत गेलं.

जादूटोणाविरोधी कायद्याखाली द्यायची तक्रार वाल्मीकनं लिहून ठेवली आहे. फॉर्म मनीषानं भरला होता, त्यामुळे साक्षीदार म्हणून तिची सही लागते. कोंडाजी दोनदा कागद घेऊन तिच्याकडं गेला. दोन्ही वेळा तिनं चहा केला, आईची टेप लावली, आणि म्हणाली, "बघू, दादा."

सही अजून झालेली नाही.