दोन बोटं जास्त

आर्किटेक्चरच्या पोरांना वाटतं, खांब उभा राहिला की काम संपलं. संगीत खात्याच्या किनासीला हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, तरी ती चार महिने त्यांच्यासोबत राबली.

जावातल्या सोलो शहरच्या कला महाविद्यालयात दोन खात्यांच्या पोरांनी मिळून मंडप उभारायचा होता. वर शहाण्णव बांबूच्या नळ्यांचं छप्पर, खाली गामेलान, म्हणजे धातूच्या पट्ट्या आणि गाँगांचा वाद्यसंच. खाली पट्टीवर हातोडी पडली की वर त्याच सुराची नळी घुमणार. चित्र काढलं आर्किटेक्चरच्या ब्रामान्त्योनं. नळ्या कापल्या किनासीनं, एकेक, कानाला लावून.

त्यांचे सूर तिनं जुळवले खात्याच्या जुन्या लोखंडी संचाशी. तो तिच्या बापानं भट्टीपुढं बसून घडवलेला. बाप गेला, संच गंजला, आणि खात्यानं ठरवलं, या सत्रानंतर भंगारात. पाहुण्यांसमोर छप्पर त्याला बोललं तर संच वाचेल, एवढीच तिची आशा. जावात दोन संचांचे सूर कधी जुळत नाहीत, घडवणाऱ्याचा कान तोच संचाचा सूर, हे तिनं ब्रामला सुरुवातीलाच बजावलं होतं. त्यानं वहीत लिहून खाली रेघही मारली होती.

उद्घाटनाच्या सकाळी मंडपात सोनेरी नक्षीचा काशाचा संच मांडलेला दिसला. कुठल्याशा हॉटेलचा. लोखंडी संच मागच्या व्हरांड्यात, आणि माणसं त्यावरून टांगा टाकत खुर्च्या नेत होती. वाद्य ओलांडायचं नसतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"ब्रामदादा, हे काय?"

"डीनना फोटोत गंज नको. आणि सूर काय गं, संच बदलला म्हणून पाचाचे सहा होतात का?"

"छप्पर बोलणार नाही."

"मग गप्प छप्पर. त्यालाही अर्थ असतो."

किनासीची आई बसनं आली होती, गाँगला वाहायला वर्तमानपत्रात फुलं बांधून. तिनं मंडपात नवऱ्याचा गाँग शोधला, मग व्हरांड्यात जाऊन त्याच्यापुढं फुलं ठेवली आणि तिथंच जमिनीवर बसली. आत वादन झालं. छप्पर मुकं ते मुकंच. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, एकानं तर मौनाच्या वास्तुकलेवर दहा मिनिटं बडबड केली. फलकावर ब्रामचं नाव मोठं, खाली बारीक अक्षरात: संगीत खात्याचं सहकार्य.

आठवड्यानं ब्राम तिला शोधत आला. मंडप सिंगापूरला जाणार होता, सोबत काशाचा संच. हॉटेलचा संच चढा लागतो, तेव्हा प्रत्येक नळी बोटभर कापून दे, म्हणाला. तुझ्यासारखा कान कुणाला नाही, असंही म्हणाला. लोखंडी संच त्याच सकाळी टेम्पोत भरून भंगारात गेला होता, आणि आईची फुलं अजून व्हरांड्याच्या फरशीवर पडली होती. त्यांच्यावर त्याचा बूट होता.

"देते," किनासी म्हणाली.

तिनं तीन दिवस लावले. बोटभर पुरलं असतं. पहिली नळी बोटभर कापून तिनं काशाची पट्टी वाजवली, तर नळी लगेच बोलली, गोड, आज्ञाधारक. तिनं करवत पुन्हा लावली आणि आणखी दोन बोटं उडवली; पट्टी पुन्हा वाजवली, नळी मुकी. मग शहाण्णवही नळ्या तशाच. कापलेला बांबू लांब करता येत नाही. ब्राम शेजारी उभा राहून कापलेल्या कडा किती साफ आहेत ते पाहत होता.

"मस्त," तो म्हणाला. "आता जुळलं ना?"

"जुळलं."

त्यानं एकदाही पट्टी वाजवून पाहिली नाही.

सिंगापुरात मंडपाला दुसरं बक्षीस मिळालं. छप्पर काही बोललं नाही आणि कुणी विचारलंही नाही. या वेळी फलकावर तिचं नाव होतं, ब्रामनं आठवणीनं घातलेलं: सूरजुळणी, किनासी.