पहिला घोट

मित्रांनो, मी एक जुनी पितळी किटली आहे. जयपूरच्या एका तांबटाने ठोकून ठोकून मला घडवले. इतके ठोके खाऊन जन्मलेली मी, माझा स्वभाव संशयी झाला तर नवल नाही.

तिथल्याच सी-स्कीम भागातल्या एका चर्चने मला विकत घेतले. तिथे महिन्याच्या पहिल्या रविवारी मराठी उपासना होत असे. छावणीतली लष्करी कुटुंबे येत, बहुतेक नगरकडची. उपासनेनंतर अंगणातल्या कडुलिंबाखाली मी चहा वाढायची. त्यातल्याच एका सुभेदारांच्या पत्नी अनुसयाबाई मला चिंचेने घासत आणि वेळच्या वेळी कल्हई करून आणत. चहाबरोबर माझेही कौतुक होई, आणि ते मला आवडे.

नवे माणूस दिसले की मात्र माझ्या मनात शंकेची पाल चुकचुके. फुकट चहाला येणारे मी पुष्कळ पाहिले होते. मंडळीही कमी नव्हती. 'हा धर्मांतराच्या चौकशीला तर आला नाही ना?' अशी कुजबुज लगेच सुरू होई.

१९८६ सालच्या फेब्रुवारीत गिरिजा आली. नवऱ्याची विमा कचेरीत बदली झालेली, झोटवाडा उपनगरातल्या घरी दिवसभर एकटी, हिंदी तोडकेमोडके. बसची वाट पाहताना तिच्या कानावर मराठी गाणे पडले आणि ती आत येऊन मागे बसली. कपाळावर ठसठशीत कुंकू. सगळ्यांच्या माना वळल्या.

आमच्याकडे रीत होती. पहिला कप पाहुण्याला द्यायचा आणि त्याने घोट घेईपर्यंत दुसऱ्या कोणी चहा घ्यायचा नाही. रीत मायेचीच होती. पण त्या दिवशी वीस माणसे रिकाम्या हातांनी गिरिजाच्या तोंडाकडे बघत उभी राहिली, आणि पाळक देवराम हातात शुभवर्तमानाच्या पत्रिका घेऊन पुढे आले.

"घ्या ना बाई, चहाच आहे," ते म्हणाले.

"मग तुम्ही कोणीच कसं घेत नाही?" गिरिजाने विचारले. "शेजारच्या भाभी म्हणाल्या होत्या, मतलब, यांच्याकडे एकदा चहा प्यायलं की माणूस आपलं राहत नाही."

तिने कप पायरीवर ठेवला आणि पिशवी उचलली. मला राग आला. माझ्या चहात काय विष कालवले होते? पण मीही तिला चहाची चोरच समजत होते, हे आठवून मला लाज वाटली. ती गेली असती, तर त्या अवघ्या शहरात तिच्याशी मराठीत बोलणारे नवऱ्याशिवाय दुसरे कोणी नव्हते.

अनुसयाबाईंनी रीत मोडली. माझ्यातून स्वतःचा कप भरला आणि सर्वांदेखत घोट घेतला.

"साखर कमी झालीय आज," त्या म्हणाल्या. "पाळकसाहेब, ते कागद खिशात ठेवा. बाईंनी मागितले की देऊ. गाव कुठलं हो तुमचं?"

"मिरज," गिरिजा म्हणाली आणि रडू लागली. "दोन महिन्यांत मला हे कोणी विचारलंच नव्हतं."

तिने चहा घेतला. पुढे दर महिन्याला ती येऊ लागली. पावसाळ्यात एकदा तिनेच विचारले, "तुम्ही डोळे मिटून कोणाशी बोलता?" अनुसयाबाईंनी आपल्या प्रभूविषयी सांगितले, घरच्या माणसाविषयी सांगावे तसे. गिरिजाला ते किती पटले, ठाऊक नाही. किटलीला कपातले कळते, मनातले नाही.

मग सुभेदारांची बदली झाली. माझी कल्हई उडाली. नवा थर्मास आला आणि मी कपाटात पडले. मंडळी पुन्हा जुन्या रीतीवर गेली. वर्षभराने थर्मास फुटला, तेव्हा गिरिजानेच मला कल्हई करून आणले.

त्याच रविवारी द्वारका नावाची नवी बाई आली. कप हातात धरून ती भोवतालच्या रिकाम्या हातांकडे बघत राहिली. तेव्हा कपाळावर कुंकू असलेली गिरिजा पुढे झाली. तिने स्वतःचा कप भरला आणि घोट घेतला.

"साखर कमी झालीय आज," ती म्हणाली.

साखर अगदी बरोबर होती. ती माझ्याच पोटात विरघळली होती.

मित्रांनो, कल्हई उडाली की माझ्यातले चांगले पदार्थही कळकतात. संशयाने मनाचेही तसेच होते. म्हणून मला जपा, आणि दारात आलेल्यालाही जपा. पहिला कप त्याला द्या. पहिला घोट मात्र तुम्ही घ्या.