नवं खाली, जुनं वर

आईनं धणेपुडीची बरणी कागदावर उपडी केली आणि तळाला दोन थापट्या मारल्या. उरलेली पूड खाली आली, फिकट आणि जराशी गाठाळलेली. शेजारच्या ताटात सकाळी भाजून दळलेली नवी पूड गार होत होती.

"बरणी पूस," आई लेकीला म्हणाली. "कोरडी म्हणजे कोरडी हं. मागे तू पुसलेल्या बरणीत बुरशीनं बिऱ्हाड केलं होतं."

लेकीनं फडकं घेतलं. सुट्टी असूनही तिनं कामाची पानं सोबत आणली होती. ती मुद्रितं तपासायची. बरणी पुसतानाही तिची नजर टेबलावरच्या पानांवरच होती. चुकलेल्या शब्दापाशी खूण करायची, बरोबर असेल ते सोडून पुढे जायचं, हे इतक्या वर्षांत तिच्या अंगवळणी पडलं होतं.

आईनं चमच्यानं नवी पूड बरणीत भरली, बरणी ओट्यावर हलकेच आपटून ती बसवली आणि मग कागदाचा पन्हळ करून जुनी पूड वर ओतली. नवं खाली, जुनं वर. हळद असो, मिरी असो की दालचिनी, या घरात असंच भरलं जायचं. जुनं आधी संपलं पाहिजे, नव्याला घाई नसते, असं आई म्हणायची. झाकण लावण्याआधी तिनं बोटाला लागलेली नवी पूड लेकीच्या नाकासमोर धरली.

"बघ गं, भाजणं जास्त तर नाही झालं?"

"ठीक आहे."

"तुझ्या बाबांना विचारून उपयोग नाही. त्यांना भुसा वाढला तरी तो मुकाट्यानं खातील."

बाबा बाहेर खुर्चीच्या हाताला काचकागद घासत बसले होते. ते ऐकून नुसते हसले. लाकडाला पॉलिश करण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि त्या स्पिरिटनं त्यांच्या नाकातला वास केव्हाच पुसून टाकला होता. भाजणं करपलं तरी त्यांना धूर दिसल्यावरच कळायचं.

दुपारी तिघं जेवायला बसली. जेवणाबद्दल कुणी काही बोललं नाही. कधीच बोलत नसत. गप्प जेवणं म्हणजेच पसंती, आणि कुणी तोंड उघडलंच तर काहीतरी बिघडलंय. लहानपणी एकदा ती नुसतं "आई, आज" एवढंच म्हणाली होती. पुढचं ऐकायच्या आत आईनं मीठ तिच्याकडे सरकवलं होतं. तिला शाळेतली गंमत सांगायची होती. त्यावर पुढे कितीतरी दिवस घरात हसणं चालायचं.

त्या दुपारी पहिला घास घेताना आईनं लेकीकडे पाहिलं. नेहमीच पाहायची, लेकीच्या हातातला घास तोंडात जाईपर्यंत. लेकीनं बटाट्याची भाजी पुन्हा वाढून घेतली आणि ताटाशेजारच्या मुद्रिताचं पान उलटलं. आई स्वतःच्या ताटाकडे वळली. संध्याकाळी लेक आपल्या घरी परतली.

दुसऱ्या दिवशी आई बाजारातून आली, पिशवी ओट्यावर ठेवून जरा टेकली आणि तिथेच गेली. बाबांनी फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता. "पिशवीत कोथिंबीर आहे," ते शेवटी म्हणाले. "तिचं काय करायचं?"

मग घर माणसांनी भरलं आणि हळूहळू रिकामं झालं. मावशीनं स्वयंपाकघर सांभाळलं, ती गेल्यावर शेजारणीनं डबे पाठवले, आणि एके दिवशी बाबांनी सगळ्यांना नको म्हटलं. ते स्वतः रांधू लागले. वास येत नसल्यामुळे त्यांनी रंगावर भिस्त ठेवली. कांदा सागवानाच्या रंगावर आला की थांबायचं, असं त्यांनी लेकीला सांगितलं होतं. ती सुट्टीच्या दिवशी यायची, समोर येईल ते खायची. जेवणात काहीतरी कमी असायचं. ती बोलत नसे.

अशाच एका सकाळी बाबा बटाटे चिरत होते आणि तिनं फोडणीसाठी धणेपूड काढायला बरणी उचलली. बरणी काठोकाठ भरलेली होती. वरची पूड दुकानातली, पांढुरकी. काचेतून तळाशी बोटभर काळपट थर दिसत होता. ती बरणी घेऊन बाबांकडे वळली.

"बाबा, हे उलटं भरलंय. नवं वर ओतलंत तुम्ही. आयुष्यभर तिला भरताना पाहिलंय ना?"

"पाहिलंय."

"मग?"

बाबांनी सुरी खाली ठेवली नाही. बटाट्याच्या फोडी एकसारख्या पडत राहिल्या. तिनं बरणी उजेडात धरली. दोन थरांच्या मध्ये एक पांढरी रेघ होती. कागदाची गोल चकती, बरणीच्या आतल्या घेराला तंतोतंत बसणारी, कडा कानशीनं घासाव्यात तशी गुळगुळीत. चुकून ओतलेलं नव्हतं ते.

खालचा थर कुठला, हे तिला तेव्हा उमगलं. जुनं वरचं होतं, ते मावशीच्या हातून संपलं. उरलं ते आईनं त्या दिवशी भाजलेलं.

"मावशी गेल्यावर बघितलं तर एवढंच होतं," बाबा म्हणाले. "मला काय, त्याचा वास येत नाही. तुला येतो. म्हणून झाकून ठेवलं."

तिनं बरणी ओट्यावर ठेवली.

"आहे का गं अजून?"

तिनं वरची पूड ताटात काढली, चमच्याच्या दांड्यानं चकती उचलली आणि नाक बरणीत घातलं. आधी काहीच आलं नाही. मग खूप खालून, भाजलेल्या धण्यांचा, जरा जास्तच भाजलेल्या धण्यांचा, पुसट वास आला. तिनं वर पाहिलं. बाबा सुरी धरून तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते, पहिल्या घासाला आई पाहायची तसे.

आहे म्हटलं असतं तर त्यांनी चकती पुन्हा बसवली असती.

"थोडासा आहे," ती म्हणाली. "असंच ठेवलं तर राहणार नाही."

बाबांनी हात पुसले. बराच वेळ पुसले. मग फडताळातून आईचा चमचा काढून तिच्यापुढे धरला.

"घाल मग. वास उडालेलं तिनं कुणाला वाढलं नसतं."

"सगळं?"

"उरवून काय करायचं?"

तिनं बरणी खरवडली. कढईत पूड पडली तेव्हा वास अंगात आल्यासारखा उसळला आणि तिनं खिडकी लावून घेतली. बाबांनी ते पाहिलं. ते कढईजवळ येऊन उभे राहिले आणि उगाचच खोल श्वास घेतला.

दोघं जेवायला बसली. कामाची पानं तिनं पिशवीतून काढली नव्हती. पहिला घास तिनं सावकाश चावला. बाबा खाली मान घालून जेवत होते. समोरची खुर्ची आत सरकवलेली होती, तिच्या हाताला नवं पॉलिश होतं.

"छान झालंय," ती म्हणाली.

बाबांचा हात थांबला. त्यांनी वर न बघता मीठ तिच्याकडे सरकवलं.

तिनं ते तसंच राहू दिलं.

"मीठ नकोय, बाबा. छान झालंय." मग त्या खुर्चीकडे पाहत ती म्हणाली, "रोजच छान व्हायचं, आई."