स्क्रूवाली आणि बटणवाली

दोन्ही जावा एकाच जिन्यावरून, एकाच वेळी, एकाच ताग्यासकट खाली आल्या, याचं घरात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. माळ्यावरून निळ्या कापडाचा तागा उतरवायचा होता. एक टोक मोठीच्या हातात, दुसरं धाकटीच्या.

"तुम्ही सोडा, जाऊबाई."

"तू सोड."

दोघींपैकी एकीनंही उभ्या जन्मात काही सोडलं असतं, तर पुढचं रामायण घडलंच नसतं. तागा आधी पोचला, मग मोठी, तिच्यावर धाकटी. तागा धड राहिला. या दोघींचा मात्र उजवा घोटा मोडला, आणि तोसुद्धा अगदी सारखा.

घराच्या खालच्या खोलीत त्यांचं शिवणाचं दुकान होतं. कापणं, काजंबटणं आणि हातशिलाई धाकटीकडे, मशीन मोठीकडे. तेही पायाने चालवायचं. मोटर बसवून घ्या म्हणणाऱ्याला मोठी म्हणायची, "मग घास चावायलाही बसवून द्या एक." मशीनची खुर्ची जिची, तिचा शब्द शेवटचा, हे दुकानात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे मोडलेला पाय उजवा आहे हे कळल्यावर मोठीला आधी खुर्चीचा घोर लागला. तिने तो कुणाला दाखवला नाही.

दवाखान्यात शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. हाडांच्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. "मोडलेलं हाड आम्ही धातूच्या पट्टीने बसवूच. पण घोट्याच्या वर पायाची दोन हाडं एकमेकांना बांधलेली असतात, तो बांधही तुमचा तुटलाय. ती जवळ धरून ठेवायचे दोन मार्ग. एक तर दोन्ही हाडांतून आरपार स्क्रू घालायचा. नाहीतर आरपार मजबूत दोरा ओवायचा आणि त्याच्या दोन्ही टोकांना धातूचं एकेक बारीक बटण."

"बटण?" मोठी ताडकन उठून बसली. "आणि काज?"

"काज नसतं. हाडाला भोक पाडतो."

"म्हणजे काजच की," धाकटी म्हणाली.

पुष्कळ दिवसांनी दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं.

यातलं जास्त चांगलं काय, याचाच डॉक्टर रुग्णांवर अभ्यास करत होते. कुणाच्या पायात काय जाईल ते चिठ्ठी काढल्यासारखं कॉम्प्युटर ठरवणार होता. चालेल का, असं त्यांनी विचारलं. मोठी हो म्हणाली, म्हणून धाकटीही हो म्हणाली. कॉम्प्युटरने मोठीला स्क्रू दिला आणि धाकटीला बटण.

"जन्मभर शिवण केली मी, आणि बटण हिला!"

"दुकानात बटणं लावतं कोण? कॉम्प्युटरला बरोबर कळलं."

मोठीच्या हे फार जिव्हारी लागलं.

पुढे तपासणीला दोघी एकाच गाडीतून जायच्या. डॉक्टर दर वेळी विचारायचे, दुखणं किती? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. धाकटी तीन म्हणाली की मोठी दोन. धाकटी एकवर आली, तर मोठी थेट शून्यावर. पुढच्या खेपेला धाकटीही शून्यावर पोचली, तेव्हा मोठीने विचारलं, "याच्या खाली काही लिहिता येतं का हो?"

खरं तर स्क्रूने सुरुवातीला आपलं काम चोख केलं होतं. पंचाईत झाली ती मशीनवर बसल्यावर. घोटा लवेना. पायडलवर टाच दाबली की आत कळ उठायची. मोठीने गुपचूप डावा पाय लावला. त्याला सवय नाही. पाय उलटा पडायचा, चाक मागे फिरायचं, दोरा तटकन तुटायचा. ती दोऱ्याला शिव्या घालायची, दोरा विकणाऱ्यालाही सोडायची नाही. मनातून ती घाबरली होती. पाय गेला तर खुर्ची जाईल, आणि तिच्यावर धाकटी बसेल.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "दुखणं?"

"शून्य."

"थापा मारताहेत," धाकटी म्हणाली.

मोठीने गर्रकन मान वळवली. "तुला काय करायचंय?"

"मला ऐकू येतं, जाऊबाई. मशीनचा ठेका लंगडतोय तुमच्या. डॉक्टर, यांचं सात लिहा."

"खुर्ची हवीय ना तुला? मग सरळ माग की!"

"मला? माझी मशीनवरची शिलाई बघितलीत ना? सापासारखी जाते. तुम्ही उठलात तर दुकानाला कुलूपच लावायचं." धाकटीचा आवाज चिरकला. मग ती डॉक्टरांकडे वळली. "आणि माझं आठ लिहा."

"मागच्या वेळी शून्य होतं ना?"

"वाढलं."

मोठी तिच्याकडे बघतच राहिली. हीच बाई सकाळी खांद्यावर तागा घेऊन जिना धडधड उतरली होती. आयुष्यात पहिल्यांदा ती आपण होऊन हरत होती, आणि तेही मोठीला एकटीला हरायला लागू नये म्हणून. मोठीला भरून आलं.

"हिचं शून्यच ठेवा, डॉक्टर," ती म्हणाली. "बटण छान बसलंय हिचं. माझं सात. आणि आधीचं सगळं खोडा, तेही खोटंच होतं."

"दोघींचंही?"

"माझं थोडंसंच," धाकटी म्हणाली.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. मग पायाचा एक्स-रे काढून बघितला. हाड जुळलं होतं, स्क्रूचं काम संपलं होतं, आता तोच घोटा अडवत होता. छोटं ऑपरेशन करून तो काढला आणि नेमाने व्यायाम केला, तर पायडल मारायला हरकत नाही, असं ते म्हणाले. "आधी खरं सांगितलं असतंत, तर केव्हाच काढला असता!"

मोठीने पदराने डोळे पुसले, आणि कुणी बघितलं तर नाही ना, हेही बघितलं. धाकटीने बघितलं होतं.

"मी बरी होईपर्यंत खुर्चीवर तू बस," मोठी तिला म्हणाली. "शिलाई वाकडी गेली तर जाऊ दे. उसवायला मी बसेन शेजारी."