कुठे मोडेल ते सांगा

मॅडमनी पुलाला टांगलेल्या बादलीत वाळूचा आणखी एक मग ओतला आणि लाकडी पूल करकरला. पाचव्या गटाची पोरं श्वास रोखून उभी होती. पुढच्या मगाला पुलाच्या तळाची पट्टी मधोमध तुटली, बादली खाली अंथरलेल्या गादीवर धप्पकन बसली आणि कार्यशाळेत एकच कल्ला झाला.

"सत्तेचाळीस किलो," मॅडमनी बादलीचं वजन करून सांगितलं. "पाकिटं उघडा."

गटाच्या पाकिटात चौसष्ट होतं. विभागप्रमुखांच्या पाकिटात पन्नास.

"पुस्तक अजून जिवंत आहे, मॅडम," विभागप्रमुख म्हणाले. सरांचा आवाज चढा नव्हता, त्यात टोमणाही नव्हता. म्हणूनच तो मॅडमना जास्त लागला.

नियम फळ्यावर पहिल्या दिवसापासून लिहिलेला होता. प्रत्येक गटाला साठ पट्ट्या, पेन्सिलीइतक्या बारीक, आणि एक डिंकाची बाटली. एक मीटर लांबीचा पूल बांधायचा. तो किती पेलतो याला गुण नाहीत. तो किती वजनाला आणि नेमका कुठे मोडेल, हे आधी चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद करायचं. अंदाज जितका जवळचा, तितके गुण जास्त.

गेली दोन वर्षं दर गुरुवारचे तीन तास मॅडमनी अशाच कामांसाठी मागून घेतले होते. पोरांनी काही बांधावं, वाकवावं, मोडावं आणि मग का मोडलं ते सांगावं. सरांना हे तास परत हवे होते. अभ्यासक्रम दोन प्रकरणं मागे पडला होता, आणि तीस वर्षं खडू आणि फळा यांच्यावर त्यांचं उत्तम चाललं होतं. वाद घालण्याऐवजी ते म्हणाले होते, "मी येतो. पोरांची रेखाचित्रं मला द्या. मी खोलीत बसून हिशोब करतो, ती हातांनी करू देत. कोण जवळ जातं ते पाहू आणि मग वेळापत्रकाचं ठरवू."

पाच पूल मोडले होते. पाचही वेळा सर जवळ गेले होते. आता एकच उरला होता.

तो पूल घुमी आणि वकील यांचा. ती गेल्या वर्षी याच विषयात नापास झाली होती, आणि वर्गात तोंड उघडत नसे म्हणून तिचं नाव घुमी पडलं होतं. तो झोपेतही बाजू मांडेल असा, म्हणून वकील. दोघांना कुणी गटात घेतलं नाही, तेव्हा मॅडमनी त्यांची जोडी लावली. गेल्या आठवड्यात, पूल चिकटवायच्या दिवशी, दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं.

"ही पट्टी कच्ची आहे म्हणतेस, मग तीच का लावतेस?" वकिलाने विचारलं होतं. "दुसऱ्या चांगल्या पडल्यात की!"

"म्हणूनच."

"म्हणूनच म्हणजे काय? गुण माझेही आहेत!"

घुमीने डिंकाची बाटली खाली ठेवली होती. त्या सत्रात ती एका दमात एवढं पहिल्यांदाच बोलली असेल. "सगळ्या पट्ट्या सारख्या असल्या, तर आधी कुठली जाईल हे देवालासुद्धा सांगता येणार नाही. मोडायचंच आहे ना? मग आपण म्हणू तिथं मोडू दे."

मग वकीलच ती पट्टी धरून बसला होता, डिंक वाळेपर्यंत.

आता दोघांनी पूल उचलून दोन टेबलांच्या कडांवर टेकवून ठेवला. मॅडमनी मधल्या सांध्याला बादली टांगली. मागच्या बाकांवरची पोरं पुढे सरकली.

"तुमची दोन्ही पाकिटं?" मॅडमनी विचारलं. घुमीचं घडी घातलेलं पाकीट आणि सरांचं लांबट पाकीट टेबलावर शेजारीशेजारी पडलं.

दहा किलो. वीस. तीस. पूल आवाजही करत नव्हता. "दणकट आहे," कुणीतरी मागून म्हणालं. सरांनी चष्मा पुसला. पस्तीसनंतर मॅडम अर्धा अर्धा मग ओतू लागल्या. वकिलाचे ओठ हलत होते, पण शब्द फुटत नव्हता, आणि हे पाहून दोघीतिघी हसल्याही. घुमी पुलाच्या मध्याकडे पाहतच नव्हती. ती डाव्या टोकाशी ओणवी झाली होती आणि तिचं बोट एका तिरक्या पट्टीपासून वीतभर अंतरावर रोखलेलं होतं.

"मॅडम," ती म्हणाली, "आता सावकाश."

मॅडमनी मूठभर वाळू सोडली. तिरकी पट्टी धनुष्यासारखी वाकली, क्षणभर तशीच थांबली आणि कडाड! पूल त्याच बाजूला कलला, बादली गादीवर आदळली. घुमीचं बोट जागच्या जागी होतं. त्याच्यासमोर पट्टीची दोन टोकं लोंबत होती.

मॅडमनी बादली काट्यावर ठेवली, आकडा पाहिला, बादली उचलून पुन्हा ठेवली.

"एक्केचाळीस किलो दोनशे ग्रॅम."

सरांनी स्वतःचं पाकीट उघडलं. "अठ्ठावन्न. वरची मधली पट्टी." मग घुमीचं पाकीट त्यांनीच फोडलं आणि चिठ्ठी मोठ्याने वाचली. "एक्केचाळीस. डावीकडची पहिली तिरकी."

छप्पर उडेल असा गलका झाला. वकिलाने घुमीचे दोन्ही हात धरून तिला गरकन फिरवलं. पाचव्या गटातला एकजण ओरडला, "ही लबाडी आहे! मुद्दाम कच्ची पट्टी लावली!"

"नियम वाच," मॅडम फळ्याकडे न पाहता म्हणाल्या.

सरांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं. त्यांनी तुटलेली पट्टी उचलून उजेडात धरली. तिच्या कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरात १८.५ लिहिलेलं होतं. त्यांनी दुसरी पट्टी पाहिली. २६. तिसरी. २५.७. प्रत्येकीवर आकडा होता.

"हे काय आहे?"

घुमीने वकिलाकडे पाहिलं. वकिलाने 'तूच सांग' म्हणून मानेने खुणावलं. आज त्याची बाजू मांडायची पाळी नव्हती.

"पट्टी काट्यावर उभी धरायची आणि वरून अंगठ्याने दाबायची," घुमी म्हणाली. "ती वाकायला लागते तेव्हा काटा किती दाखवतो ते लिहायचं. साठही दाबल्या. माझी मावशी रोज सकाळी ज्या काट्यावर उभी राहून हळहळते ना, त्याच काट्यावर. ती म्हणाली, माझं वजन राहू दे, आता काड्यांचंही करायला लागलीस का."

हशा पिकला. सर हसले नाहीत. त्यांचं पुढे ऐकायचं राहिलं होतं.

"या एका पट्टीचे तंतू तिरपे आहेत, ती लवकर वाकते. मग मी हिशोब केला, तुमच्या पुस्तकातलाच. बादलीतल्या वजनाचा निम्म्याहून थोडा कमी भाग या पट्टीवर येतो. म्हणजे साडेअठरा किलोला ती वाकणार, तेव्हा बादलीत एक्केचाळीस असणार."

"फळ्यावर करून दाखव."

घुमी फळ्याकडे गेली नाही. तिने उरलेल्यांतली एक पट्टी उचलली, टेबलावरच्या काट्यावर उभी केली आणि म्हणाली, "सर, तुम्हीच दाबा."

सरांनी अंगठा ठेवला. आकडे चढत गेले. पट्टी सरळच राहिली, सरळच राहिली आणि एकाएकी त्यांच्या अंगठ्याखालून पोट काढून वाकली. त्यांनी दाब सोडला. ती पुन्हा सरळ झाली. त्यांनी पुन्हा दाबली.

"सव्वीस," ते म्हणाले. "मी सगळ्याच पट्ट्या सव्वीसच्या धरल्या होत्या." मग ते घुमीला म्हणाले, "इमारत पडायचीच झाली तर कुठून आधी पडावी, हे आपण ठरवायचं असतं. हे मी शेवटच्या वर्षाला शिकवतो. दहातल्या दोघांना कळतं."

तासाची घंटा झाली. कुणी दप्तर उचललं नाही. मॅडम आतापर्यंत खडू हातात घेऊन उभ्या होत्या, पुढचं समजावून सांगायच्या तयारीत. त्यांनी खडू डब्यात टाकला आणि जाऊन मागच्या बाकावर पोरांमध्ये बसल्या.

"पण पट्टी ओली असती तर?" घुमीने विचारलं. प्रश्न कुणाला होता ते कळलं नाही. "मॅडम?"

"मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या.

सरांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग घड्याळ काढून खिशात टाकलं, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि काट्यावरची पट्टी हातात घेतली.

"नळ कुठे आहे इथे?" त्यांनी विचारलं.